गावाकडे परत येऊन राहायचं तर रत्नागिरी की चिपळूण?

रत्नागिरी जिल्ह्यात लोकवस्तीने सगळ्यात मोठी शहरं दोनच. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत सुमारे ७६ हजार माणसं, चिपळुणात ५५ हजार. त्याआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या मात्र घटली होती. घरटी एक माणूस मुंबईला, ही आपली जुनीच गोष्ट. म्हणून गावाकडे परत येऊन बिऱ्हाड थाटणाऱ्यांचं मला फार अप्रूप वाटतं.

रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण. कलेक्टर कचेरी, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल सगळं तिथेच. मिरकरवाड्याला ताजी मासळी, संध्याकाळी मांडवीचा वारा. पण मुंबई-गोवा महामार्ग शहरात येत नाही, हातखंब्यावरूनच निघून जातो.

चिपळूण उलट ऐन हमरस्त्यावर. कुंभार्ली घाट चढला की पाटण, कऱ्हाड. खाली उतरलं की गुहागर. व्यापार या नाक्यामुळेच वाढला. खेड, गुहागर, संगमेश्वरची माणसंही खरेदीला इथेच येतात.

पण चिपळूणची वाशिष्ठी नदी! २००५ला पाणी भरलं, २२ जुलै २०२१ला तर बाजारपेठ बुडाली. धुवांधार पाऊस, त्यात भरतीची वेळ, मग नदीचं पाणी समुद्राकडे सरकेना. दुकानदारांनी चिखल उपसून पुन्हा शटर उघडली, हे विसरता येत नाही.

म्हातारे आईवडील सोबत असतील तर मी रत्नागिरीच सांगेन, दवाखान्यासाठी. धंदा करायचा असेल तर चिपळूण; मात्र जागा घेण्याआधी २०२१चं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवरची खूण ते दाखवतील.