रिळावर काय भरायचं, तंगूस का ब्रेडेड?

दोघातिघांनी एकच विचारलं, मासे धरायच्या काठीचं रीळ तर घेतलं आता त्याच्यावर दोरी कोणती भरू, तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा) का ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली), म्हणून एकदाच लिहून टाकायलोय. मी परभणीचा, जास्त करून येलदरीच्या फुगवट्यावर बसतो, कधीमधी नांदेडला गोदावरीवर. समुद्रावाल्यांचा हिशोब वेगळा, तो इथं लावू नका.

रोहू-कटल्याला पेंड-कणकेचा गोळा लावून बसणार असाल तर मला साधा नायलॉनचा तंगूसच बरा वाटतो, ०.३५ मिलिमीटरचा. कारण तो ताणतो. रोहूचे ओठ मऊ, आपण उतावळेपणानं झटका दिला की गळ फाडून बाहेर येतो, तंगूस तेवढा झटका पोटात घालतो. ब्रेडेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळं लांबवर माशानं नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं, हे मान्य.

मरळीला मात्र उलटं. जलपर्णीत प्लास्टिकचं बेडूक ओढायचं तर ब्रेडेडच, त्यात वाद नाही. तंगूस तिथं मासा गवतात घुसेपर्यंत ताणतच बसतो.

तरी मी दोन वर्षं ब्रेडेड वापरून परत आलो. आपल्याकडं दुष्काळात धरण उतरलं की तळाला वेड्या बाभळी माजतात अन् चांगला पाऊस झाला की तशाच पाण्याखाली जातात. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा मांजरा धरणाचा तळ ज्यानं बघितला त्याला वेगळं सांगायला नको. तर गळ अडकणारच. तंगूस टॉवेलात धरून ओढला की बहुतेक गाठीपाशी तुटतो, नवा गळ बांधला, झालं. ब्रेडेड तुटता तुटत नाही, बोट कापते (करंगळीवर अजून खूण आहे), अन् काठाच्या काळ्या दगडावर घासलेली असली तर भलतीकडंच तुटून निम्मी पाण्यात राहते.

जाणकार म्हणतात पुढं लीडर लाव (गळाकडच्या टोकाला दुसऱ्या दोरीचा तुकडा), म्हणजे तिथंच तुटेल. बरोबरै. पण ती दोन दोऱ्या जोडायची गाठ! घरी फॅनखाली मी ती झकास बांधतो. धरणावर दिवस मावळायलाय, वारं सुटलंय, हाताला कणिक, चष्मा डिक्कीत, अन् मासा नेमका तेव्हाच खायला लागतो. ब्रेडेड गुळगुळीत, गाठ सरकते, अन् सोपी जाड गाठ मारली तर फेकताना काठीच्या कडीत टक्कन अडकते. एका संध्याकाळी तीनदा बांधली, तेवढ्यात शेजारच्या मामांनी बांबूच्या काठीवर दोन रोहू काढले अन् वरून विचारतात, काय विणायलास रे?

फ्लोरोकार्बन हा दोरीचा तिसरा प्रकार, त्याचं थोडक्यात, पाण्यात कमी दिसतो, नायलॉनपेक्षा जड म्हणून लवकर बुडतो. हिवाळ्यात पाणी नितळलं की फरक पडत असावा, पावसाळ्यात गोदावरी चहासारखी वाहते तेव्हा माशाला असंही काय दिसायलंय. अख्खं रीळ भरू नका, फार तर पुढचा एक वाव, म्हणजे दोन हात पसरल्याएवढा.

तंगुसाचेही नखरे आहेत. रिळावर पडून स्प्रिंगसारखे वेटोळे होतात अन् उन्हानं तर मरतोच. मे महिनाभर काठी-रीळ अंगणात ४२ च्या उन्हात राहिलं, पावसाळ्यात पहिल्याच कटल्यानं सुतासारखा तोडला. त्यामुळं दरवर्षी मृगाला नवा भरायचा. ब्रेडेड नीट जपली तर तीनचार वर्षं जाते, म्हणजे किंमत वाटते तेवढी अंगावर येत नाही.

दोन रिळं परवडत असतील तर एक ब्रेडेडचं मरळीसाठी ठेवाच. एकच असेल तर तुमचं तुम्ही बघा, मी गेल्या मृगाला तंगूस भरला. उरलेली ब्रेडेड बायकोनं दोडक्याच्या वेलाला बांधलीय, तिथं मात्र एक नंबर, काही केल्या तुटत नाही.