जीपीएसचा रिले बसवून घेतला, सांगलीतला अनुभव

आमचा छोटा हत्ती बेदाणा घेऊन तासगाव-सांगली करतो, पेट्रोलवरचाय, त्याला जीपीएस आणि मोबाईलवरून गाडी बंद करायचा रिले (विजेवर चालणारं छोटं स्विच) आधी एकाकडं बसवला होता (नाव नको, जाऊदे) तर महिन्याभरात दोनदा गाडी चालता चालता बंद, एकदा तर अंकलीच्या पुलावर, मागं ऊसाचा ट्रॅक्टर नुसता हॉर्न मारतोय!!

मग कुपवाड रोडच्या एका छोट्या दुकानात नेली. त्यानं डॅशबोर्ड खोलून रिले काढून हातातच दिला, चांगला गरम लागत होता. आधीच्यानं इंजिनला पेट्रोल देणाऱ्या पंपाची वायर रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या पिनांवर जोडलेली, म्हणजे गाडी चालू ठेवायला रिले कायम ओढलेला (आतल्या कॉइलला करंट चालू) पाहिजे, ट्रॅकर (जीपीएसचा डबा) जरा रिसेट झाला की पंप बंद. यानं ती ३० आणि ८७ए वर घेतली, जी रिले न ओढता जोडलेली असते, आता रिले फक्त गाडी लॉक करतानाच ओढतो. कॉइलच्या दोन पिनांपैकी ८६ ला फ्यूजमधून इग्निशनचा (चावीचा) प्लस, ८५ ट्रॅकरच्या आउटपुटला, कारण तो आउटपुट अर्थ (मायनस) देतो, प्लस नाही. कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) पण टाकला, त्याच्यावरची पट्टी ८६ कडं, उलटा लावला तर शॉर्ट होतो म्हणे. रिले ४० अँपिअरचा, जॉइंट सोल्डर करून वर स्लीव्ह, चिकटपट्टी कुठंच नाही.

कमांड दिली तरी वेग कमी झाल्याशिवाय पंप तोडायचा नाही हे सेटिंगपण त्यानंच करून दिलं.

तक्रार एकच, सकाळी ये म्हणाला आणि हात लावला दुपारी तीनला. चहा मात्र दोनदा पाजला.