बेनिन सिटी (नायजेरिया), इगुन स्ट्रीट: पितळी मूर्तीचं दुकान

लागोसला राहून चार वर्षं झाली, पण माहेरी न्यायला मनासारखी वस्तू इथेच मिळाली. जुन्या बेनिन राज्याच्या राजमातेचं वीतभर पितळी मस्तक घेतलं. गळ्यातल्या पोवळ्यांच्या माळांचा मणी न् मणी वेगळा दिसतो! आधी मेणात घडवायचं, वर माती लिंपायची, मेण वितळवून पितळ ओतायचं आणि साचा फोडायचा. म्हणून दुसरं हुबेहूब होत नाही.

मला सगळ्यात भावलं ते दुकानदारकाकांचं वागणं. "जुनी नाही, मीच ओतलीय," असं त्यांनी आपणहून सांगितलं आणि पावतीवर तसं लिहूनही दिलं. नायजेरियाच्या १९७९च्या कायद्याप्रमाणे पुरातन वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. नवी असली तरी संग्रहालय आयोगाचा दाखला जवळ हवा, नाहीतर विमानतळावर अडवतात. मागे दुसऱ्या एका दुकानाने हे सांगितलंच नव्हतं. तिथून घेतलेला मुखवटा विमानतळावरच ठेवून यावं लागलं, फार रडू आलं.

१८९७ मध्ये इंग्रजांनी इथला राजवाडा लुटला, हजारो पितळी वस्तू नेल्या. एवढी कडक तपासणी मला तरी रास्तच वाटते.

भाव थोडा चढा आहे. दाखल्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा.