राजमाची किल्ला: लोणावळ्यावरून की कोंदिवड्यावरून?

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण 15-16 किमी चाल, बरीचशी सपाट, नवख्यांना घेऊन जायला सोपी, पण पावसात गाड्यांनी रस्त्याचा नुसता राडा केलेला असतो आणि शेवटी शेवटी जाम बोअर होतं. कर्जतकडून कोंदिवड्यावरून अंतर कमी पण चढ अंगावर येतो, घामटं निघतं, वाटेत कोंडाणे लेणी मात्र चुकवू नका, चैत्यावरची लाकडी वाटावी अशी दगडातली कमान आणि पावसाळ्यात तिच्यासमोर वरून पडणारं पाणी, नाद खुळा! माझं मत कोंदिवडेच, गुडघे कुरकुरत असतील तर लोणावळा. गडाखालच्या उधेवाडी गावात पिठलं-भाकरी मिळते, आधी फोन करा. राजमाचीचे बालेकिल्ले दोन: श्रीवर्धनवर सगळेच जातात, मनरंजनला पण वेळ ठेवा. काजव्यांसाठी जूनच्या तोंडावर जा, वीकेंड टाळून.