सराव उत्तम, स्पर्धेतील भाषा अस्वीकारार्ह : पुण्यातील एका बॅडमिंटन अकादमीविषयी

माझी मुलगी तेरा वर्षांखालील गटात खेळते आणि पुण्याच्या पश्चिम भागातील एका खासगी बॅडमिंटन अकादमीत शिकते. अकादमीचे नाव मी देत नाही, कारण स्पर्धा खेळणाऱ्या तिथल्या मुली मोजक्याच आहेत आणि नावावरून त्या सहज ओळखल्या जातील. मात्र मुलांना स्पर्धात्मक खेळासाठी प्रशिक्षकांच्या हाती सोपवण्याच्या विचारात असलेल्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

सुविधांबाबत तक्रार करण्याजोगे काही नाही. लाकडी पायावर सिंथेटिक मॅट आहे, दिवे डोळ्यांवर येत नाहीत आणि एका कोर्टवर मुलांची गर्दी केली जात नाही. सरावाचा दर्जा तर याहून वरचा आहे. मुख्य प्रशिक्षक अत्यंत कडक आहेत. उशिरा आलेल्या मुलाला ते त्या दिवशी रॅकेट हातात घेऊ देत नाहीत, शॅडो फूटवर्क, म्हणजे शटलशिवाय नुसत्या पायांच्या हालचालींचा सराव, करायला लावतात. मल्टी-शटलचा, म्हणजे एकामागून एक शटल टाकून करून घ्यायच्या सरावाचा, संच अर्धवट सोडलेला त्यांना चालत नाही, आणि नेटजवळचा एकच फटका ते चाळीस वेळा करून घेतात. त्यांचा आवाज बाहेरच्या पार्किंगपर्यंत ऐकू येतो. पण ते ओरडून जे सांगतात ते असे असते : "उजवा पाय उशिरा पडतोय, म्हणून शटल तुझ्या मागे जातंय. परत कर." माझी मुलगी अशा सत्रानंतर दमलेली असते, क्वचित रडवेली होते, पण काय सुधारायचे आहे ते तिला नेमके सांगता येते. "सर, खांदा दुखतोय," असे म्हणणाऱ्या मुलाला ते लगेच थांबवतात. या कठोरपणाला माझा संपूर्ण पाठिंबा आहे. स्पर्धात्मक खेळ लाडाकोडात शिकता येत नाही, आणि मुलांनाही तो तसा शिकायचा नसतो.

प्रश्न आहे तो स्पर्धांना मुलांसोबत जाणाऱ्या दुसऱ्या प्रशिक्षकांचा. बॅडमिंटनमध्ये गेममध्ये अकरा गुण झाले की 60 सेकंदांची आणि दोन गेमच्या मध्ये 120 सेकंदांची विश्रांती मिळते, आणि कोर्टामागच्या खुर्चीवरचा प्रशिक्षक तेव्हा खेळाडूशी निवांत बोलू शकतो. प्रतिस्पर्धी बॅकहँडवर अडखळतो आहे, सर्व्हिस थोडी आखूड ठेव, एवढे सांगायला तो वेळ पुरेसा असतो. एका स्पर्धेत मी गॅलरीत जवळच बसले होते, आणि त्या संपूर्ण विश्रांतीत खेळाविषयी एकही वाक्य माझ्या कानावर आले नाही. "आईबापाचे पैसे पाण्यात घालतेस", "हे शरीर घेऊन कोर्टवर येतेस कशाला", आणि शेजारी बसलेल्या मुलांकडे वळून, "बघा, असं खेळायचं नसतं", हे सगळे एका अकरा वर्षांच्या मुलीला उद्देशून बोलले गेले. ती माझी मुलगी नव्हती. इतर मुले हसली, कारण न हसणाऱ्याचा नंबर पुढे लागतो हे त्यांना ठाऊक असावे. पुढच्या मोठ्या रॅलींमध्ये ती मुलगी शटलकडे कमी आणि खुर्चीकडे जास्त पाहत होती.

दोन्ही प्रशिक्षक ओरडतात, म्हणून पालकांच्या चर्चेत दोघेही 'कडक' या एकाच शब्दात बसवले जातात, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. पहिल्यांचा शब्द फटक्यावर पडतो आणि मूल तो फटका सुधारू शकते. दुसऱ्यांचा शब्द मुलाच्या शरीरावर, घरावर, लायकीवर पडतो, आणि त्याबाबत पुढच्या गुणापर्यंत त्या मुलाने करावे तरी काय?

हा विषय निघाला की काही पालक रमाकांत आचरेकर सरांचे उदाहरण देतात. ठरलेला सामना सोडून शाळेच्या मोठ्या संघाचा खेळ पाहायला वानखेडेवर गेलेल्या सचिन तेंडुलकरला सरांनी थप्पड मारली, आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, असे सुनावले, ही आठवण सचिनने स्वतः कृतज्ञतेने सांगितली आहे. थप्पड मला आजही मान्य नाही. परंतु त्याच सरांनी त्या मुलाला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेले होते, हे उदाहरण देणारे विसरतात. शिवाय अपमानानंतरही टिकून यशस्वी झालेल्यांच्याच आठवणी आपल्यापर्यंत पोहोचतात. बॅट किंवा रॅकेट माळ्यावर टाकून कायमची निघून गेलेल्या मुलांची मुलाखत कोणी घेत नाही.

ब्रिटनमधील जिम्नॅस्टिक्सबाबत अ‍ॅन व्हाइट यांचा चौकशी अहवाल जून 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अशाच मुलांचे म्हणणे ऐकले गेले. चारशेहून अधिक निवेदने आली आणि त्यांतील निम्म्याहून जास्त निवेदनांत प्रशिक्षकांकडून झालेल्या भावनिक छळाचा उल्लेख होता. आरडाओरडा, शिवीगाळ, कमी लेखणे आणि वजनावरून केलेला अपमान यांचा त्यात समावेश होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीजिंग ऑलिम्पिकमध्ये वारंवार पडून हरलेल्या पंधरा वर्षांच्या रशियन फिगर स्केटर कामिला वालियेवाला बर्फावरून बाहेर येताच, तू लढणे का सोडलेस, असे प्रशिक्षिकेने विचारले, आणि ते पाहून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस बाख यांनी जाहीर अस्वस्थता व्यक्त केली. त्या प्रश्नात एकही शिवी नव्हती.

मी आणि आणखी दोन पालकांनी व्यवस्थापकांकडे तक्रार केली. "मॅडम, सरांचा स्वभाव तसा आहे, पण मनाने फार चांगले आहेत," असे उत्तर मिळाले. प्रशिक्षकांसाठी लेखी आचारसंहिता आहे का, तक्रार कोणाकडे करायची, स्पर्धेच्या प्रवासात महिला सोबत असते का, या प्रश्नांवर त्यांच्याकडे दाखवण्यासारखा कागद नव्हता. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मुलांच्या मानसिक छळाला मनाई करते, पण तो कायदा शाळांसाठी आहे. मात्र बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 75 मूल ज्याच्या देखरेखीखाली आहे अशा कोणत्याही व्यक्तीला लागू होते, आणि अनावश्यक मानसिक यातना होतील असा छळ केल्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात आहे. प्रत्येक रागावणे या कलमात बसत नाही, आणि बसूही नये. पण "स्वभाव" हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही, हे आम्ही लेखी कळवले. त्यानंतर सरावाच्या वेळी पालकांना गॅलरीत बसण्याची परवानगी मिळाली. स्पर्धांना जाणारे प्रशिक्षक मात्र तेच आहेत.

त्यामुळे माझी शिफारस अर्धीच आहे. मुख्य सरांची सकाळची बॅच जरूर घ्यावी. महिन्याचे साडेचार हजार रुपये आणि शटलचा वेगळा खर्च त्या शिकवणीला योग्य आहे. स्पर्धांचे प्रवास-पॅकेज मात्र घेऊ नये, मुलांना स्वतः घेऊन जावे. प्रवेशापूर्वी एक पूर्ण सत्र बसून पाहावे, आणि जमल्यास एखाद्या जिल्हा स्पर्धेत हरत असलेल्या मुलाच्या मागच्या खुर्चीवरून काय बोलले जाते ते ऐकावे. पालकांना गॅलरीत येऊ न देणाऱ्या अकादमीत मी आता मुलीला घालणार नाही. गंभीर प्रसंगी 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, आणि हा क्रमांक पालकांइतकाच मुलांनाही पाठ असायला हवा.