फ्रॉइड, युंग की ॲडलर: थेरपी घ्यायची तर कोणत्या वळणाची?

त्याच प्रकारच्या नात्यात आपण पुन्हा पुन्हा का अडकतो, बढती समोर आली की काहीतरी बिघडवून का ठेवतो, असे प्रश्न छळत असतील तर नेणिवेवर, म्हणजे मनाच्या आपल्याला न जाणवणाऱ्या भागावर, काम करणारी थेरपी उपयोगी पडते. पण तिथंही सिग्मंड फ्रॉइड, कार्ल युंग आणि आल्फ्रेड ॲडलर या मनोवैद्यांची तीन घराणी आहेत. ॲडलर १९११ मध्ये फ्रॉइडपासून वेगळे झाले, युंग १९१३ मध्ये. तो फरक थेरपीच्या खोलीत आजही जाणवतो.

गाडी डोळ्यांदेखत सुटली, तिकीट हातातच राहिलं, हे स्वप्न घ्या.

फ्रॉइडच्या पद्धतीत स्वप्नाचे तुकडे करतात. ‘तिकीट’ म्हटल्यावर काय आठवतं? आदल्या दिवशीचा कुठला किरकोळ प्रसंग यात शिरलाय? मनात येईल ते न गाळता बोलायचं. स्वतः फ्रॉइडनं गाडी चुकण्याचं स्वप्न दिलाशाचं मानलं होतं: प्रवासाला निघणं म्हणजे मरण, आणि गाडी चुकली म्हणजे तू जाणार नाहीस. तरी असा तयार अर्थ कुणी तुमच्या माथी मारत असेल तर सावध व्हा. तुमच्या आठवणी आधी, अर्थ मागून. युंगवादी थेरपिस्ट गाडीपासून दूर जाऊ देत नाही. ती कशी होती, आत कोण होतं, आधीच्या स्वप्नांशी तिचं काय नातं? त्यासाठी उशाशी वही ठेवून उठल्या उठल्या स्वप्न लिहावं लागतं. ॲडलरवादी विचारेल, जाग आली तेव्हा हायसं वाटलं का? उद्याचं कोणतं काम टळावं असं वाटतंय? ‘न्यूनगंड’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द याच घराण्याचा. बालपणीच्या अगदी पहिल्या आठवणी आणि भावंडांतला क्रम इथं बारकाईनं तपासतात.

वेळेचा हिशेब आधी करा. अभिजात मनोविश्लेषण, म्हणजे फ्रॉइडची मूळ पद्धत, घ्यायचं तर आठवड्याला ४-५ बैठका, प्रत्येकी ४५-५० मिनिटं, कोचावर आडवं होऊन, थेरपिस्ट नजरेआड, आणि हे काही वर्षं. त्याच मुशीतली सायकोडायनॅमिक थेरपी समोरासमोर बसून आठवड्याला एक-दोनदा होते. नोकरी-घर सांभाळणाऱ्या बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रश्न नेमका असेल, जसं नवी जबाबदारी घ्यायची भीती, तर ॲडलरची वाट सहसा लवकर संपते. आयुष्याच्या मध्यावर सगळं मिळूनही रितेपण वाटत असेल तर युंग.

फसगत कुठे होते? युंगकडे प्रतीकांत रमून घरातलं भांडण बाजूला राहतं. ॲडलरकडे धीर देण्याचा उपदेश होतो. फ्रॉइडच्या वाटेवर धोका भावसंक्रमणाचा: वडिलांवरचा राग थेरपिस्टवर निघतो. माणूस दहा मिनिटं उशिरा येऊ लागतो, फी द्यायला विसरतो, मग ‘फरक पडत नाही’ म्हणून थांबतो. काम खरं तर तिथंच सुरू होत असतं. सोडावंसं वाटलं तर ते फोनवर कळवू नका, बैठकीत बोला.

आत्महत्येचे विचार, भास किंवा दारूचं व्यसन असेल तर मात्र आधी मनोविकारतज्ज्ञ. पुन्हा पुन्हा हात धुण्यासारख्या ओसीडीला (मंत्रचळाला) या तिन्हींपेक्षा भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायला लावणारी वर्तनोपचाराची पद्धत अधिक खात्रीची.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: चुकलेल्या बैठकीची फी लागते का, सुट्ट्यांची सूचना किती आधी मिळते, आणि थेरपिस्टनं स्वतः थेरपी घेतली आहे का.