मध्यस्थी परिणामाची चाचणी: प्रोसेस घ्यावे की लावान?

परीक्षेच्या ताणामुळे झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेमुळे नैराश्य वाढते, असे गृहीतक तपासायचे असेल, तर झोप हा मध्यस्थ चल ठरतो. ताणाचा झोपेवरील परिणाम आणि ताण स्थिर धरून झोपेचा नैराश्यावरील परिणाम यांचा गुणाकार, म्हणजेच अप्रत्यक्ष परिणाम, शून्यापासून वेगळा आहे का, हे पाहावे लागते. मानसशास्त्रज्ञ बॅरन आणि केनी यांची 1986 ची पायऱ्यांची पद्धत, म्हणजे एकामागून एक रिग्रेशन तपासण्याची पद्धत, या गुणाकाराची थेट चाचणी करत नाही. सोबेल चाचणी ती करते, पण गुणाकाराचे वितरण प्रसामान्य (नॉर्मल, घंटेच्या आकाराचे) मानते, आणि लहान नमुन्यात ते बहुधा तसे नसते. म्हणून बूटस्ट्रॅप पद्धतीने, म्हणजे हातातल्या माहितीतूनच पुन्हा पुन्हा नमुने घेऊन, काढलेला कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरे मूल्य ज्या मर्यादांत असण्याची अपेक्षा असते तो पट्टा) आज अधिक विश्वासार्ह समजला जातो. उरतो प्रश्न सॉफ्टवेअरचा.

अँड्र्यू हेज यांचे प्रोसेस हे मॅक्रो (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा तयार कोड) मोफत आहे, पण ते एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये वापरायचे तर एसपीएसएसचा परवाना लागतो. (आर या मोफत सांख्यिकी भाषेसाठी त्याची आवृत्तीही आहे, पण बहुतेक जण त्याकडे वळतात ते एसपीएसएसमधील सोयीसाठी.) साध्या मध्यस्थीसाठी मॉडेल क्रमांक 4 निवडला की 5000 बूटस्ट्रॅप नमुन्यांवर आधारलेला इंटरव्हल आपोआप मिळतो, आणि त्यात शून्य येत नसेल तर अप्रत्यक्ष परिणाम मान्य करता येतो. ज्यांना कोड लिहिण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी हा निःसंशय सोपा मार्ग आहे.

यव्ह रोसील यांचे लावान हे आरमधील पॅकेज पूर्णपणे मोफत आहे, मात्र मॉडेल स्वतः लिहावे लागते. येथे एक खाचखळगा आहे: स्पष्टपणे बूटस्ट्रॅप मागितले नाही, तर लावान अप्रत्यक्ष परिणामाची प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) डेल्टा पद्धतीने, म्हणजे अंदाजे सूत्राने, काढते, म्हणजे व्यवहारात सोबेल चाचणीच होते. मागितले तरी नमुन्यांची मूळ संख्या 1000 असते. ती वाढवून घ्यावी.

एवढी खटपट कशासाठी, तर मापनातील त्रुटीसाठी. प्रोसेस झोपेच्या प्रश्नावलीची बेरीज अचूक मानून साधे रिग्रेशन करते; पण मध्यस्थ चलाचे मापन ढिले असेल, तर सर्वसाधारणपणे अप्रत्यक्ष परिणाम खऱ्यापेक्षा कमी आणि ताणाचा नैराश्यावरील थेट परिणाम जास्त दिसतो. लावानमध्ये प्रश्नावलीतील प्रत्येक प्रश्न निर्देशक म्हणून देऊन झोप हा सुप्त चल (थेट न मोजता निर्देशकांवरून ताडलेला चल) मांडता येतो आणि ही विकृती बरीचशी दूर होते. शिवाय प्रोसेस एखादा आकडा गहाळ असलेल्या व्यक्तीची संपूर्ण नोंद वगळते, तर लावानमध्ये पूर्ण माहितीवर आधारित कमाल शक्यता पद्धतीने अशा व्यक्तींची उरलेली उत्तरेही उपयोगात येतात.

म्हणून चल थेट मोजलेले आणि माहिती जवळपास पूर्ण असेल, तर प्रोसेस पुरेसे आहे. केवळ प्रतिष्ठेसाठी लावान शिकण्यात अर्थ नाही. मापने प्रश्नावलींवर आधारित असतील आणि नमुना पुरेसा मोठा असेल, तर मी लावान निवडेन. नमुन्याबाबत फ्रिट्झ आणि मॅकिनन यांच्या 2007 च्या गणनेनुसार, ताण ते झोप आणि झोप ते नैराश्य हे दोन्ही परिणाम दुर्बळ असतील तर 80 टक्के शक्तीसाठी (परिणाम खरोखर असताना तो सापडण्याची शक्यता 80 टक्के असावी यासाठी) बूटस्ट्रॅपच्या पर्सेंटाइल प्रकारालाही सुमारे 558 व्यक्ती लागतात.

तिन्ही चल एकाच दिवशी मोजले असतील, तर मात्र ही निवड दुय्यम ठरते. अशा तीन चलांच्या मॉडेलमध्ये बाण उलटे काढले, नैराश्यामुळे झोप बिघडते असे मानले, तरीही मॉडेल माहितीशी तितकेच जुळते; म्हणून ताण, झोप आणि नैराश्य यांची मापने निदान वेगवेगळ्या टप्प्यांवर घेण्याची तजवीज आराखड्यातच करावी लागते.